जोगळेकर बाईंच्या भिंतीतली ओल

माझ्या कार्डावर ‘बांधकाम दुरुस्ती’ असं छापलेलं होतं, पण नाशकात त्या नावानं मला कोणी ओळखलं नाही. लोक म्हणायचे, ‘ते ओलवाले पगारे’. एकदा एका लग्नात यजमानांनी माझी तेवढीच ओळख करून दिली, तर समोरच्या गृहस्थांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि आपल्या देवघरामागच्या भिंतीचं दुखणं सांगायला सुरुवात केली. मठ्ठा गरम होईपर्यंत ते बोलत होते. डॉक्टर लोकांचं असं होतं म्हणतात. फरक एवढाच, की डॉक्टरकडे पेशंट येतो आणि आम्हाला पेशंटकडे जावं लागतं.

चोवीस वर्षं मी हे काम केलं. त्याआधी सातपूरला एका कारखान्यात इमारत दुरुस्तीच्या खात्यात होतो. गळकं छत, फुटकी फरशी, तुंबलेली गटारं. तिथे सिमेंटची इतकी सवय झाली की जगात सिमेंटनं बरं न होणारं काही आहे, हे मनात यायचं नाही. माझे वडील, म्हणजे आबा, निफाडकडचे जुने गवंडी. सगळी उमर चुन्यात गेलेली. त्यांचे हात बघितले तर तळव्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. मी डिप्लोमा केला, आबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे या धंद्यातलं मला जास्त कळतं असं मी धरून चालायचो. आबांनी ते कधी खोडून काढलं नाही.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून आमच्या धंद्याचं थोडं सांगतो. घरात ओल तीन वाटांनी येते. वरून येते तेव्हा छतावर नकाशे उमटतात. नळ फुटून येते तेव्हा एकाच जागी डाग पडतो. तिसरी ओल जमिनीतून येते. वीट ही आतून सच्छिद्र असते. दिव्याची वात तेल वर ओढते तशी ती जमिनीतलं पाणी वर ओढते. ते अडवायला जोत्यावर, म्हणजे भिंत सुरू होते त्या पातळीवर, एक पक्का थर टाकायचा असतो. जुन्या घरांत तो कधी टाकलेला नसतो, कधी टाकलेला असून फुटलेला असतो. मग पाणी दोन-तीन फुटांपर्यंत चढतं, आणि पाण्याबरोबर जमिनीतले क्षारही चढतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, रंगाचे पोपडे निघतात, हात लावला की गिलावा भुसभुशीत गळतो. त्याला आपल्याकडे भिंतीला लोणा लागला असं म्हणतात.

हे सगळं आज मी इतक्या सहज सांगतोय, पण त्र्याण्णव साली मला यातलं निम्मंच माहीत होतं. उरलेलं निम्मं मला जोगळेकर बाईंनी शिकवलं.

बाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान वारलेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, तेव्हा जिथे पेरूच्या बागा होत्या, तिथे त्यांचं बैठं घर होतं. तीन खोल्या, ओटा, पुढे बाग. घरामागून शंभर पावलांवर पाटाची चारी जायची. साठ-पासष्टच्या सुमाराला बांधलेलं साधं घर, पण बाईंनी ते फार नीट ठेवलं होतं. फक्त मागच्या खोलीची परसाकडची भिंत अडीच फुटांपर्यंत खराब झाली होती. त्या भिंतीला लागून यजमानांच्या पुस्तकांची दोन कपाटं होती, आणि खालच्या खणातली पुस्तकं फुगायला लागली होती.

मी भिंत बघितली, हात फिरवला आणि म्हणालो, ‘बाई, यात काही नाही. खराब गिलावा काढून टाकू, सिमेंटचा पक्का गिलावा करू, त्यात वॉटरप्रूफिंगची पावडर घालू. वरून ऑइल पेंट. पुन्हा बघावं लागणार नाही.’

‘पाणी कुठून येतंय, ते तुम्ही बघितलं नाही,’ बाई म्हणाल्या.

‘पावसाचं असणार.’

‘मार्चमध्ये?’

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, यावरूनच ते कसं असेल याची कल्पना यावी. आठ दिवसांत काम झालं. भिंत आरशासारखी झाली होती. जाताना मी त्या भिंतीवर हात आपटून दाखवला होता, हे मात्र मला चांगलं आठवतं.

दोन वर्षांनी बाईंचं पोस्टकार्ड आलं. ‘आपण केलेले काम एकदा पाहून जावे. घाई नाही.’

रागाचं पत्र आलं असतं तर मी चार दिवस टाळलं असतं. ‘घाई नाही’ वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि मला भिंतीसमोर खुर्चीवर बसवलं. माझा सिमेंटचा गिलावा चार फुटांपर्यंत जसाच्या तसा होता, मी तेवढाच केला होता. त्याच्या वर, साडेचार-पाच फुटांवर, जिथे पूर्वी ओलीचा मागमूस नव्हता तिथे रंग फुगून लोंबत होता. आणि त्या सगळ्या भिंतीवर, उजव्या कडेला, पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेपुढे तारीख. बाई दर महिन्याच्या एक तारखेला ओल कुठवर आली ते तपासत आणि रेघ मारत. मी काम करण्याआधीच्या रेघा त्यांनी वहीत उतरवून घेतल्या होत्या, आणि माझं काम झाल्यावर त्याच उंचीला पुन्हा काढल्या होत्या.

‘आधी ओल अडीच फुटांवर थांबायची,’ बाई म्हणाल्या. ‘तुम्ही गिलावा केल्यावर ती वर निघाली. हे बघा, या तीन रेघांत मोठं अंतर आहे. त्या महिन्यांपुढे मी काय लिहिलंय?’

मी वाकून वाचलं. ‘पाट सुटला’ असं लिहिलं होतं.

‘पाटाला पाणी सुटलं की साधारण तीन आठवड्यांनी रेघ वर जाते. पावसाळ्यात जाते तशीच उन्हाळ्याच्या आवर्तनातही जाते. म्हणजे पाणी वरून येत नाही, खालून येतंय. आता आत या.’

स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका परातीत निळ्या शाईचं पाणी होतं आणि त्यात दोन विटा उभ्या होत्या. एक उघडी. दुसरीला चारी बाजूंनी सिमेंट फासलेलं, फक्त खालचं आणि वरचं टोक मोकळं. उघड्या विटेत निळा रंग चार बोटं चढून थांबला होता. सिमेंट फासलेल्या विटेच्या वरच्या टोकाला शाई पोचली होती.

‘उघडी वीट पाणी पिते, पण अंगातून ते हवेत सोडूनही देते,’ बाई म्हणाल्या. ‘दुसरीला सोडायला जागाच ठेवली नाही. मग पाणी जाईल कुठे?’

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. सातवीच्या मुलींना त्या असंच सांगत असणार. मी त्या दोन विटांकडे बघत उभा राहिलो. माझ्या कामानं भिंत बरी झाली नव्हती, जास्त आजारी झाली होती, आणि तो आजार मी आरशासारखा चकचकीत करून त्यांच्या गळ्यात घातला होता.

‘बाई, मी हे काढून देतो,’ मी म्हणालो. ‘पण पुढे काय करायचं ते मला आत्ता माहीत नाही.’

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे जरा बऱ्या नजरेनं पाहिलं. ‘हे बोललात ते चांगलं केलंत. शोधून काढा. मला घाई नाही, असं लिहिलंच होतं.’

शोधायला मी आधी कुठे गेलो, तर सातपूरला. तिथे रसायनांच्या एका छोट्या कारखान्यातला ओळखीचा केमिस्ट होता. त्यानं सांगितलं, विटेला पाणी नकोसं करून टाकणारं एक द्रव्य मिळतं. भिंतीच्या तळाशी ओळीनं भोकं पाडायची आणि ते विटेत मुरवायचं. मुरलं की जोत्यावर नसलेला थर भिंतीच्या आतच तयार होतो. हे मला पटलं. पण वरच्या गिलाव्याचं काय? भिंत वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसलेली. ती वाळायला मोकळीक द्यायची, तर तिच्या अंगावर घालायचं काय?

याचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते कोणाकडे आहे हेही माहीत होतं. म्हणून गावी जायला मी पंधरा दिवस लावले.

आबा अंगणात बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. बाईंच्या रेघा, परात, शाई. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सिमेट कुनी लावलं व्हतं?’

‘मीच.’

‘हं,’ आबा म्हणाले. मग म्हणाले, ‘भित श्वास घेती. तिचं नाक दाबलं तर ती तोंड उघडनार. चुना लाव.’

‘चुन्याचा गिलावा करणारं आता कोण आहे?’

‘मी हाय की.’

सत्तरीच्या माणसाला मी कामावर नेणार नव्हतो. पण आबांनी बाजेखालून ट्रंक ओढली आणि त्यातून आपली थापी काढली. पुढे बोलणं झालंच नाही.

एक गोष्ट मात्र आबा येण्याआधी करायची होती, आणि ती बाईंना सांगणं मला फार जड गेलं. मागच्या बाजूनं भिंतीला लागून बाईंचा फुलझाडांचा वाफा होता. मोगरा, अनंत, दोन गुलाब. वर्षानुवर्षं माती-खत घालून तो वाफा जोत्याच्याही वर आला होता आणि बाई रोज संध्याकाळी त्याला पाणी घालत होत्या. पाटाचं पाणी होतंच, त्यात हे घरचं. मी चाचरत सांगितलं. बाई वाफ्याजवळ गेल्या, बोटानं जोत्याची पातळी बघितली, मातीची पातळी बघितली.

‘दोन वर्षं मी पाटाच्या तारखा लिहीत बसले,’ त्या म्हणाल्या, ‘आणि स्वतःची झारी लिहायची राहिली.’ मग हसल्या. त्या दिवसापासून बाई माझ्याशी जरा मोकळेपणानं बोलायला लागल्या. आपण दोघेही एकेकदा चुकलो, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. अनंताचं झाड मोठं होतं. ते मुळांसकट काढून कुंपणाजवळ लावलं आणि पुढे वर्षभर ते रुसून बसलं होतं.

मग सिमेंटचा गिलावा ठोकून काढला. स्वतः लावलेला गिलावा स्वतः छिन्नीनं काढायला काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. चांगला चिकटलेला होता, निघता निघत नव्हता. सिमेंट मिसळताना मी अजिबात कुचराई केली नव्हती, एवढंच समाधान. आमचे ड्रिलवाले युनूसभाई म्हणाले, ‘पगारेसाहेब, काम मजबूत केलं होतंत.’ मी म्हटलं, ‘हो, तोच तर घोळ आहे.’

जमिनीपासून वीतभर उंचीवर, विटांच्या सांध्यात, चार-चार बोटांवर तिरकी भोकं पाडली. द्रव्य हळूहळू मुरायला हवं होतं, एकदम ओतलं तर बाहेर यायचं. त्यासाठी मी एका दवाखान्यातून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणि नळ्या आणल्या, धुऊन घेतल्या आणि भिंतीवर लाकडी पट्टी ठोकून त्यावर उलट्या टांगल्या. एका रांगेत बारा बाटल्या. थेंब थेंब भिंतीत जायचा. शेजारच्या काकू डोकावून गेल्या आणि गल्लीत बातमी झाली की जोगळेकर बाईंच्या भिंतीला सलाईन लावलंय. दोन दिवस लोक बघायला येत होते. एकानं तर सांभाळून हळू आवाजात विचारलं, ‘आता कशी आहे?’

भिंत तशीच उघडी ठेवून उन्हाळा काढला. मग आबा आले. धोतर, टोपी, पिशवीत थापी आणि गिलावा घोटायचा लाकडी रंधा. बाईंनी दारातच नमस्कार केला, तसे आबा संकोचले. आमच्या आबांना अशा घरांत पुढच्या दारानं जायची सवय नव्हती. उमेदीच्या काळात त्यांनी कित्येक घरं बांधली, आणि बांधून झाल्यावर त्यांतल्या काही घरांत त्यांना पाणीसुद्धा वरून ओतून मिळालं होतं. हे ते कधी बोलायचे नाहीत, पण मला माहीत होतं. बाईंनी त्यांना खुर्ची दिली. आबा म्हणाले, ‘मी हितं खाली बसतो, कपड्याला चुना हाय.’ बाई म्हणाल्या, ‘खुर्ची पुसता येते, आबा.’ आणि स्वतःच्या रोजच्या कपांतल्या एका कपात चहा ओतून त्यांच्यापुढे ठेवला.

परसात खड्डा करून आबांनी कळीचा चुना विझवला. पाणी पडताच चुना फसफसून उकळायला लागतो, वाफ निघते. बाई लांब उभ्या राहून बघत होत्या. शेवटी राहवलं नाही, तेव्हा वही घेऊन आल्या. ‘आबा, किती दिवस मुरवायचा?’

‘जितका मुरल तितका बरा. तीन आठवडं तरी.’

‘आणि पाण्यात काय घातलंत?’

‘हिरडा आन गूळ. गुळानं चिकाटी येती. लय नाय घालायचा, नायतर मुंग्या घर बांधत्यात.’

बाईंनी हे सगळं लिहून घेतलं. मी डिप्लोमावाला बाजूला उभा होतो. आबांना मी आयुष्यात कधी ‘किती दिवस मुरवायचा’ असं विचारलं नव्हतं.

भिंत झाली. पांढरीशुभ्र, जरा खडबडीत. बाईंनी कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली आणि एक तारखेला नवी रेघ मारली.

चौथ्या महिन्यात त्यांचा फोन आला. यावेळी पोस्टकार्ड नाही, शेजाऱ्यांकडून फोन. ‘पगारे, गिलावा पडतोय.’

मी मोटरसायकल काढली आणि पोचलो. खालचा दोन फुटांचा चुना फुगून खपल्या-खपल्यांनी गळत होता. जमिनीवर पांढरा ढीग. एकदा चुकलो, ते माझ्या अज्ञानानं. आता मी आबांनाही त्या चुकीत ओढलं होतं. मला बाईंकडे बघवत नव्हतं. तसाच गावी गेलो आणि आबांना सांगितलं, ‘गिलावा पडतोय.’

आबा भाकरी खात होते. ‘पडू दे की,’ ते म्हणाले.

‘अहो, पडू दे काय? खालचा सगळा चाललाय.’

‘त्यो पडाय साठीच लावला. भितीत इतक्या वर्साचा लोणा हाय, त्यो कुठं जाईल? पयला चुना त्यो लोणा अंगावर घेतो आन पडतो. मंग दुसरा लावायचा. त्यो ऱ्हातो.’

‘मग आधी सांगितलं का नाहीत?’

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘तू इचारलं नाय.’

परत जाऊन बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी जमिनीवरचा ढीग कागदावर गोळा केला, थोडा पाण्यात ढवळला आणि ते पाणी उन्हात बशीत ठेवलं. संध्याकाळपर्यंत बशीत पांढरे खडे उरले. ‘आबांचं बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या. बाईंचा विश्वास असा होता. माणसावर बसायचा, पण बशीतून जाऊन.

दुसरा चुना आबांनी हिवाळ्यात लावला. तो राहिला. बाईंच्या रेघा खाली यायला लागल्या. आधी बोटभर, मग दोन बोटं. दोन वर्षांनी एक तारीख अशी आली की बाईंना रेघ मारायला ओल सापडली नाही. त्यांनी मला बोलावून श्रीखंड-पुरी केली आणि आबांसाठी डबा दिला.

या दोन वर्षांत मी आणखी एक काम केलं. बाईंच्या आधी ज्या घरांत मी तसाच सिमेंटचा गिलावा केला होता, त्या घरांची यादी काढली. अठरा घरं निघाली. प्रत्येक दारी गेलो आणि सांगितलं, मी केलेलं काम चुकीचं होतं, पुन्हा करून देतो. अकरा जणांनी करून घेतलं. चौघांनी घर विकलेलं. दोघांना मी नवीन काही गळ्यात मारायला आलोय असं वाटलं. आणि एका आजोबांनी दार अर्धवट उघडून सांगितलं, ‘तुम्हीच लावता, तुम्हीच काढता. आता आमची भिंत तुमच्यापासून वाचू द्या.’ त्यांचा राग मला पटला. ती भिंत तशीच राहिली, आणि पुढे त्या रस्त्यानं जाताना मी कधी तिकडे बघितलं नाही.

बाईंनी मला औषधं शिकवली नाहीत, आधी विचारायला शिकवलं. त्याचा उपयोग मला विंचूरला झाला. तिथले एक कांदा व्यापारी, सगळे त्यांना भाऊशेठ म्हणायचे. मुलाचं लग्न झालं म्हणून त्यांनी मागची एक खोली नीट करून नव्या जोडप्याला दिली होती. ती भिंत उन्हाळ्यात कोरडी ठाक आणि हवेत दमटपणा आला की घामेजायची, पावसाचा थेंब न पडतासुद्धा. तीन जणांनी औषधं मारून झाली होती. चौथ्यानं पलंगाची दिशा बदलायला लावली होती. सुनबाई बिचारी दर पावसाळ्यात साड्या उन्हात घालून वैतागली होती.

मी भिंतीला हात लावायच्या आधी विचारलं, ‘शेठ, आधी या खोलीत काय होतं?’

‘काही नाही. रिकामीच होती.’

‘एकदम रिकामी?’

‘तशी खताच्या गोण्या ठेवायचो. वीसेक वर्षं.’

खताचे क्षार भिंत वीस वर्षं पीत होती. असे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. डब्यातलं मीठ पावसाळ्यात पाझरतं, तसं. त्या भिंतीत जमिनीची ओल नव्हतीच. मी भाऊशेठना सांगितलं, यावर माझ्याकडे औषध नाही, ही तेवढी भिंत पाडा आणि नवीन विटांनी बांधा. शेठ चकित झाले. म्हणाले, ‘सगळे म्हणाले आम्ही बरी करतो. तुम्ही पहिले, जे म्हणाले नाही जमत.’ भिंत बांधली, खोली कोरडी झाली. पुढे विंचूर-लासलगाव भागातली माझी निम्मी कामं भाऊशेठनी मिळवून दिली, ती मी न केलेल्या या कामामुळे.

जोगळेकर बाई त्या घरात त्यानंतर आठ-नऊ वर्षं राहिल्या. गंगापूर रोड तोवर बदलला होता. पेरूच्या बागा गेल्या, चारी बुजली, दोन्ही बाजूंना पाच-पाच मजले उभे राहिले. बाईंचे गुडघे दुखायला लागले आणि मुलीनं आग्रह केला, तेव्हा त्यांनी घर एका बिल्डरला दिलं आणि पुण्याला गेल्या. जायच्या आधी मला बोलावून म्हणाल्या, ‘पगारे, भिंत बाहेरून कोरडी झाली हे आपण बघितलं. आतून झाली की नाही, हे कधी कळलं नाही. पाडतील त्या दिवशी तुम्ही जा. मला कळवा.’

मी गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. जेसीबीनं ओटा आणि पुढची भिंत पाडली होती. ड्रायव्हरला मी पाच मिनिटं थांबायची विनंती केली. तो कंटाळलेलाच होता, तंबाखू मळत बसला. मी मागच्या भिंतीतून, भोकांच्या रांगेखालची एक वीट काढली. काळपट, गार, जड. मग रांगेच्या वरची एक काढली. ती मोडली तर आतून गुलाबी धूळ उडाली. तिसरी काढली, चौथी काढली. सगळ्या तशाच. मी त्या ढिगाऱ्यातच बसलो आणि मोबाईलवरून पुण्याला फोन लावला.

‘बाई, खालची ओली आहे. वरची आतून कोरडी आहे. चार विटा मोडून बघितल्या.’

‘चारही?’

‘चारही.’

यावर बाई जे बोलल्या ते मी पुढे सांगतो. वरच्या ओळीतली एक अख्खी वीट मी रुमालात बांधली आणि दुपारी गावी गेलो.

आबा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. नजर कमी झाली होती. मी वीट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून चाचपली, अंगठ्यानं दाबली आणि मग जिभेचं टोक तिला लावलं.

‘नाय,’ ते म्हणाले. ‘लोणा नाय.’

‘बाईंना फोन केला होता,’ मी सांगितलं.

‘काय म्हनल्या?’

‘म्हणाल्या, आबांना पैकीच्या पैकी.’

‘पैकीच्या पैकी म्हंजे किती?’

‘शंभरातले शंभर.’

आबा वीट मांडीवर घेऊन बसले होते. ते आकडा मनात फिरवत असावेत. मग म्हणाले, ‘आन तुला?’

‘मला पंचाहत्तर.’

आबा हसले. पुढचे दात नव्हते, त्यामुळे ते हसले की सगळा चेहरा हसायचा.

‘बराबर हाय,’ ते म्हणाले. ‘तू आधी सिमेट लावलं व्हतं.’